मनगटावरची उकड

आमच्या घरात आई पडली की मी पार्किंगमध्ये जातो. ही पद्धत कशी पडली, ते सांगतो.

आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा नशिबाने मुक्या मारावर निभावलं. पण नाशिकहून ताईचा फोन आलाच. "तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. आईला मी घेऊन जाते." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मला नाही रे सानपाडा सोडायचं. माझं भजनी मंडळ इथे आहे." मला गलबलून आलं. मी लगेच मनगटावर बांधायचं धोक्याचं बटण आणलं. दाबलं की मला, माझ्या बायकोला सुजाताला, ताईला आणि शेजारच्या पाटीलकाकांना एकदम फोन! पण त्याच्या रबरी पट्ट्याने आईला पुरळ उठलं आणि तिने ते देवघरात खुंटीला अडकवलं. (ती पडली की बाप्पाने दाबावं, अशी व्यवस्था.)

ताई म्हणाली, "संकष्टीला येते. बटण हातात दिसलं नाही, तर आईची बॅग भरायची."

मग मी पट्ट्याऐवजी मनगटावर बसेल असं बटणाचं कवच घरीच करायचं ठरवलं. मी न्हावा शेवा बंदरात कंटेनरची कागदपत्रं बघतो, त्यामुळे कुठलीही वस्तू आतून न बघता तिच्याबद्दल ठामपणे बोलायची मला सवय आहे. तापवून आकार देता येतो अशा प्लास्टिकचे दोन पत्रे आणले. एक जाड, गरम हवेच्या मशीननेच वाकणारा. दुसरा पातळ, गरम पाण्यात मऊ होणारा आणि गार झाला की टणक. वजन, घाम, खाज, रंग, सगळा विचार करून मी पातळ निवडला. (मशीन आणायचा कंटाळा हाही एक तांत्रिक मुद्दा होता.)

सुजाता म्हणाली, "अरे, आईंचे हात दिवसभर कुठे असतात, बघितलंस का?"

"कवच मनगटावर बसणार आहे, हातावर नाही!"

लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे ती वाद घालत नाही.

कवच झकास बसलं. मग सराव सुरू! आई घरून बटण दाबायची आणि मी ऑफिसात बाइकची किल्ली उचलून धावत सुटायचो. साहेब वैतागले, पण पाय तयार झाले.

संकष्टीला ताई आली. मी तिला सोफ्यावर बसवून प्लास्टिकच्या जाती समजावत होतो. आत आई मोदकांची वाफाळती उकड मळत होती, मनगटापर्यंत हात परातीत घालून. कवच मऊ पडलं, खचलं, आणि खचताना नेमकं बटणावर बसलं!

सगळ्यांचे फोन एकदम कोकलले. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'आई'. सुजाता आतून ओरडली, "काही झालेलं नाही!" पण सरावलेला माणूस थांबतो थोडाच? मी किल्ली उचलली, जिने उतरलो, हेल्मेट घातलं, बाइक सुरू केली.

गेटवर वॉचमनने विचारलं, "साहेब, एवढ्या घाईत कुठं?"

"घरी!"

त्याने शांतपणे वर बोट दाखवलं.

धापा टाकत वर आलो, तर पाटीलकाका उचलायला चादर घेऊन स्वयंपाकघरात हजर. "म्हातारी कुठं हाय?"

"कोण म्हातारी?" आईने विचारलं. ती खरोखर दुखावली होती. ताई माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे बघत होती.

"मी उद्याच जाड पत्रा लावतो," मी म्हणालो.

"उकड बिघडली म्हणून कोणी फेकत नाही," आई म्हणाली. तिने बटण सोडवलं, कवच गरम पाण्यात टाकलं, काढून मळलं, थापलं आणि बटणाभोवती सुबक कळ्या काढल्या. बटण मधोमध खोल, सारणासारखं! चुकून दाबलं जायचा प्रश्नच मिटला. "आणि उकड मळताना काढून ठेवीन. अंगठी नाही का काढत?"

चंद्र दिसल्यावर मोदक खाता खाता ताई म्हणाली, "आईला राहू दे इथेच. चांगली खुटखुटीत आहे. पण अजून एक बटण मागवा."

"कोणासाठी?" मी विचारलं.

आईने उरलेला पत्रा गरम पाण्यात टाकला आणि माझा हात पुढे ओढला.

हल्ली मी ते घालूनच ऑफिसला जातो. दाबलं की आईला फोन जातो. आतापर्यंत ती दोनदा येऊन गेली, आणि दोन्ही वेळा पार्किंगमध्ये न जाता थेट माझ्या टेबलापाशी आली.