आत्याचा शेजार

माझी आत्या रागावली की चौकातली कबुतरंसुद्धा उडून पलीकडच्या छपरावर जाऊन बसायची. वडील तिचे धाकटे भाऊ, पण तिच्यासमोर आजही आवाज चढवत नाहीत. आजोबा गेल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान तिनं चालवायला घेतलं, तेव्हा ती विशीचीही नव्हती. नवे कपडे शिवणं तिनं लवकरच सोडून दिलं. ती दुरुस्ती करायची. उसवलेली शिवण, बिघडलेली चेन, थोरल्याची पँट धाकट्याला बसवणं. "नवं कुणीही शिवेल गं, जुन्याला वळणावर आणायला अक्कल लागते," असं ती म्हणायची, आणि हे वाक्य तिनं बऱ्याच नवऱ्यांच्या बाबतीतही त्यांच्या बायकांना ऐकवलेलं मला ठाऊक आहे. तिनं स्वतः मात्र लग्न केलं नव्हतं.

तिच्या दुकानाला लागूनच चावीवाल्याचं दुकान. मधे फक्त एक फळी. तो विधुर, अबोल, मिशीतल्या मिशीत हसणारा. त्याचं किल्ल्या घासायचं यंत्र सुरू झालं की आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"अहो चावीवाले! पांढऱ्या सदऱ्यावर लोखंडाचा भुगा उडतोय!"

"खिडकी लावा ना, बाई."

"माझी खिडकी मी का लावू? तुमच्या यंत्राचं तोंड तिकडं वळवा!"

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. चौकातल्या बाकांवर बसणारी म्हातारी मंडळी आज कोण जिंकलं याची चर्चा करत घरी जायची.

मग एके दिवशी नगरपालिकेनं चौकात मोठा फलक लावला. जुनी दुकानं, वाचनालय, मधली मोकळी जागा, सगळं पाडून तिथं काचेची उंच इमारत उभी राहणार होती. फलकावर तिचं रंगीत चित्र होतं. खाली गाड्या, वर दुकानं, आणि सडपातळ तरुण माणसं हातात पिशव्या घेऊन हिंडताहेत. आत्यानं चष्मा पुसून ते चित्र नीट पाहिलं.

"यात एकही म्हातारं माणूस नाही," ती म्हणाली. "आपण सगळे गेलो कुठं?"

ऐकणारे हसले, आणि मग एकेकजण विचारू लागला. गुडघे धरलेल्यांनी तिसऱ्या मजल्यावर औषध आणायला जायचं कसं? पोरांनी खेळायचं कुठं? काम चालू असताना दुकानदारांनी खायचं काय? महिनाभर चौकात दुसरा विषय नव्हता.

शाळेच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती. नगरपालिकेकडून आलेली अधिकारी साधारण माझ्याच वयाची होती. तिनं नकाशे भिंतीवर लावले, शांतपणे समजावून सांगितलं आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" एरवी चौकात आकाशपाताळ एक करणारी माणसं एकमेकांच्या चपलांकडे बघू लागली.

आत्या उठली. जिने, पाणी, उजेड असे मुद्दे तिनं घरी माझ्यासमोर चांगले घोकले होते. पण भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि ती सगळं विसरली.

"मी इथं," ती म्हणाली. "आणि चावीवाले पार त्या टोकाला? मधे हा एवढा बोळ? मग मी भांडू कोणाशी?"

सभागृह कोसळलंच हसून. आत्या लालबुंद. तिला खाली बसायचं होतं, पण तेवढ्यात मागच्या रांगेतून चावीवाला उभा राहिला. चारचौघांत तो कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बाई बरोबर बोलतात," तो म्हणाला. "शेजार मोडतोय आमचा. भिंती काय, परत बांधता येतात."

हसणं थांबलं. मग कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधांचं दुकान माझ्या दाराशी नसेल तर माझे निम्मे पेशंट औषधच घेणार नाहीत. वाचनालय सांभाळणारे आजोबा म्हणाले, लोक बाकावर बसायला येतात आणि मग पुस्तक घेतात, बाक गेले की वाचकही गेले. एकाच वेळी दहाजण बोलू लागले.

अधिकारीबाईनं हातातला कागद खाली ठेवला. "थांबा, असं नाही कळायचं मला. खुर्च्या भिंतीला लावा. हे दार म्हणजे बसथांबा समजा. आता चौकात तुम्ही जिथं असता, तिथं उभे राहा बघू."

जो काही गोंधळ उडाला! "अहो, तुम्ही माझ्या पायरीवर उभ्या आहात!" "जरा सरका, नळ इथं येतो!" म्हातारी मंडळी मधोमध फतकल मारून बसली. आत्या आणि चावीवाला खांद्याला खांदा लावून उभे राहिले, दोघंही दोन दिशांना बघत. अधिकारीबाई हातात नकाशा घेऊन त्या गर्दीतून चालू लागली आणि मधेच थबकली. गाड्या आत शिरायची वाट नेमकी वाचनालयाच्या आजोबांच्या मांडीवरून जात होती.

"काय करता?" आजोबांनी विचारलं. "मी उठू की तुम्ही वळता?"

"मीच वळते," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना.

त्यानंतरही बैठका झाल्या, वादावादी झाली. सगळं काही मिळालं नाही. वाचनालय पहिल्या मजल्यावर गेलंच, आणि चौकात फुलं विकणाऱ्या आजी नव्या जागेची वाट बघायचं सोडून लेकीच्या गावी निघून गेल्या. पण दुकानं तळमजल्यावर राहिली, मधली मोकळी जागा राहिली आणि गाड्यांची वाट मागच्या गल्लीतून निघाली.

बांधकाम होईपर्यंत दुकानदारांना शेजारच्या मैदानात पत्र्याच्या शेड मिळाल्या. चावीवाल्यानं तिथं यंत्राला लाकडी खोकं करून बसवलं. आवाज नाही, भुगा नाही. दोन दिवस आत्यानं कळ काढली. तिसऱ्या दिवशी सुई खाली ठेवून ती त्याच्या दारात गेली.

"बरं नाही का तुम्हाला?"

"ठीक आहे की."

"मग एवढं शांत का? माझं कामात लक्ष लागत नाहीये!"

त्याच रविवारी चावीवाला इस्त्रीचा सदरा घालून आमच्या घरी आला. वडिलांसमोर बसला, पाणी प्यायला, पुन्हा पाणी प्यायला.

"दादा, तुमच्या ताईंबद्दल बोलायचं होतं."

"मला काय विचारता?" वडील घाबरून म्हणाले. "तिलाच विचारा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "मी ऐकतेय सगळं! हो म्हणून टाक त्यांना, नाहीतर सगळं पाणी संपवतील!"

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून सही करायला अख्खा चौक हजर होता, आणि तिथल्या कारकुनाला लोकांना रांगेनं बाहेर काढावं लागलं.

परवा नव्या चौकात बाक बसवले. आत्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसली, मागे रेलली, पुढे झाली, पुन्हा रेलली. मग तिनं मला फोन लावायला सांगितला.

"अगं अधिकारीबाई, छान झालंय हो सगळं," ती म्हणाली. "फक्त बाकाला पाठ टेकत नाही. कधी येतेस बघायला?"