वारा सरला का?

डॉक्टरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ॲप्रनच्या खिशात ते आपोआप साठतात. त्यातून आमचा आजार दुर्मीळ. पोटाच्या आत एक पातळ अस्तर असतं, त्यावर उगवणाऱ्या गाठींचा. सोलापुरात आम्ही हे ऑपरेशन करतो म्हटलं की पुण्याचे मित्र अजून भुवया उंचावतात. पेशंट मोजकेच, म्हणून प्रत्येक जण पाहुण्यासारखा लक्षात राहतो.

* * *

यातला एक प्रकार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही. पोटात जेलीसारखं काहीतरी साठतं आणि पोट नुसतं वाढत जातं. नवी पेठेतल्या एका कापडवाल्या शेठजींचं असंच वाढलं. मित्र म्हणाले, धंदा मानवला. शेठजींनी भात सोडला, मग रात्रीचं जेवण सोडलं, पहाटे चालायला लागले. पोट ढिम्म. शेवटी स्कॅन झाला, ऑपरेशन झालं, बादलीभर जेली निघाली.

पुढे शेठजी सडपातळ होऊन गल्ल्यावर बसले, तर गिऱ्हाइकं विचारायला लागली, "डाएट कुणाचं?" शेठजींनी कौतुकानं माझा नंबर दिला. त्या महिन्यात माझ्या ओपीडीत तिघे जण ढेरी कमी करायला आले!

* * *

आमचे भूल देणारे हिरेमठ सर अक्कलकोटकडचे, खाण्याचे शौकीन. आमची ऑपरेशनं दिवसदिवस चालतात, म्हणून ऑपरेशन किती मोठं हे आम्ही सरांच्या डब्यांवर मोजतो. एकदा नातेवाइकांनी विचारलं, तर पद्मा सिस्टर सवयीनं बोलून गेल्या, "दोन डब्यांचं आहे."

दुपारी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दोन डबे हजर. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. सरांनी दोन्ही संपवले आणि तेव्हापासून तेच नातेवाइकांना आकडा तीन सांगतात.

* * *

सिस्टरांच्या मुलाच्या वाढदिवसाला वाट्यांतून जेली आली. आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटनं वाट्या हळूच बाजूला सरकवल्या. हिरेमठ सरांनी मात्र आणखी एक मागितली.

* * *

गाठी काढल्या की केमोचं औषध गरम करून पोटात दीड तास फिरवतात. वैरागचे एक तात्या होते, आडत दुकानवाले. संमतीच्या कागदावर सही करायला पेन टेकवायचे आणि पुन्हा उचलायचे. मी जपून समजावलं, औषध साधारण बेचाळीस डिग्री असतं.

तात्यांनी पेन थांबवलं. "बेचाळीस? आन् त्ये बी दीडच तास? आमच्या वैरागात मे महिन्यात दिवसभर असतंय की."

मग सही ठणठणीत केली.

* * *

आता मंकाबाई. सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मुलगा नाही, लेक नुकतीच बाळंत झालेली, म्हणून सोबतीला जावई बिराप्पा. जावई खुर्चीवर दिसला की एवढ्या आजारपणातही मंकाबाई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

ऑपरेशन छान झालं. यानंतर आम्ही सगळे एकाच बातमीची वाट बघतो. वारा सरला की आतडी चालू झाली, आणि मग तोंडाने खाणंपिणं सुरू. मंकाबाईंचा जीव चहात अडकलेला. ओठ सुकलेले, नजर शेजारच्या कॉटवरच्या कपावर.

रोज राउंडला मी फौजफाट्यासह विचारायचो, "मावशी, वारा सरला का?" मंकाबाई पदराआडून मान हलवायच्या. नाही. बिराप्पा खाली फरशीकडे बघायचा.

पोट मऊ होतं, आतून आवाज येत होते, तरी बातमी नाही. मला खरंच भीती वाटायला लागली. आतडं कुठे अडकलं असेल तर पोट पुन्हा उघडावं लागलं असतं, आणि ते त्यांना झेपलं नसतं. स्कॅन सांगितला. हिरेमठ सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही, यावरून काय ते समजा.

स्कॅनची तयारी म्हणून पद्मा सिस्टरांनी बिराप्पाला कागद घेऊन खाली पाठवलं. तो जिन्याकडे वळला आणि मंकाबाईंनी सिस्टरांचा हात धरला.

"बाई, वारा परवाच सरलाय. पर जावय म्होरं बसल्यात, कसं सांगू?"

सिस्टर धावत आल्या. मी पुन्हा पोट तपासलं, खात्री केली, स्कॅन रद्द केला आणि मंकाबाईंना दोन घोट चहा दिला. त्यांनी डोळे मिटून घेतला. मला हसावं की रडावं कळेना.

बिराप्पा वर आला. सासूबाईंच्या हातात कप बघून दारातच थबकला. त्यांचा मान राहावा म्हणून मी एवढंच म्हणालो, "आता काळजी नाही. आतडी चालू झाली."

त्यानं मला हळूच व्हरांड्यात नेलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "बरं झालं, सायेब, तुमाला कळलं त्ये. म्या परवाच ऐकलं हुतं. पर मानाचं माणूस, मी कसं सांगणार?"