तोले नदीचा मेंबर

आमच्या खोऱ्यात भांडण पेटलं की आधी शाळा जळते, मग दवाखाना, मग माणसं मरतात. सरकारचं काही नसतं इथे. ज्या कुळानं आणलं, त्याचं ते.

तिंदीवी माझा चुलतदीर, प्रांताच्या सभेतला आमचा मेंबर. डावा कान अर्धाच, बाकीचा एका बाणाबरोबर गेला. शाळा सहावीपर्यंत, पण तोंड सुटलं की आवरत नसे. बाकीचे मेंबर विमानतळ मागायचे, हा वर्षानुवर्षं तोले नदीवर पूल मागायचा. पलीकडे साऊ कुळ, आमचं सात पिढ्यांचं वैर, आणि तिथेच त्याची धाकटी बहीण पासोन दिलेली. आमच्यात असंच आहे. ज्यांच्याशी लढायचं, त्यांच्याच घरी मुली द्यायच्या.

मी आमच्या काठच्या दवाखान्यातली नर्स, म्हणून एकदा सभेत साक्षीला मला घेऊन गेला. अर्थसमितीचा मेंबर हसून म्हणाला, "त्या पुलावरून जाणार कोण? डुकरं?"

तिंदीवीनं खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घातली. मग समोरचा रक्त पुसत असताना तिंदीवी शांतपणे म्हणाला, "तुला टाके घालायला इथे डॉक्टर हाकेवर आहे. पलीकडची अडलेली बाई दवाखान्यासाठी दोर धरून नदी उतरते. वहिनी, वाहून गेलेल्यांची नावं सांग."

मी सांगत गेले. तिंदीवीला महिनाभर सभाबंदी झाली, पण पूल मंजूर झाला.

लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या. उद्घाटनाला डुकरं मारली, रताळ्यांसोबत खड्ड्यात भाजली आणि वाटली फक्त आपल्या काइमा कुळाला. मी म्हटलं, "भाऊजी, साऊंचा वाटा पाठवा."

"सभेत घसा मी फोडला, वहिनी. त्यांनी काय उपटलं?"

ज्याला मांसाचा वाटा नाही, त्याची ती वस्तू नाही. आमच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण जिंकलेल्या माणसाला कोण शिकवणार? मला त्याचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

पुढे पत्त्यांच्या डावावरून आमच्या पोरांनी साऊंचा एक तरुण कुऱ्हाडीनं तोडला. दुसऱ्या दिवशी पुलाच्या फळ्या पेटल्या. नुसत्या काळ्या तुळया उरल्या आणि दोन्ही काठांवरून बाण सुटू लागले. मी दवाखान्यात माणसांच्या अंगातून बाणांची टोकं उपसत होते.

अशात एका दुपारी पलीकडून हाक आली. पासोनचा नवरा वाइपू, पाठीवर बांधलेली पासोन. "मेंबर! तुझी बहीण मरतेय! पोर आडवं आलंय!"

तिंदीवीचा मुलगा केमन ओरडला, "पूल जाळलात ना? आता उडत या!"

"आमचा कुठला पूल? त्याच्या डुकराचा तुकडा तरी आमच्या तोंडात पडला का?"

तिंदीवीचा चेहरा पडला. "धनुष्यं खाली करा," तो म्हणाला. "येऊ द्या त्याला."

वाइपू अनवाणी तुळईवरून आला, खाली पाणी फेसाळत होतं. काठावर मी पासोनला त्याच्या पाठीवरून सोडवून घेतलं. तो वाकलेला होता तेवढ्यात केमननं त्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली. दुसरा घाव तिंदीवीनं आपल्या हातावर झेलला, पण वाइपू तोवर संपला होता.

माझ्या अंगावर त्याचं रक्त, तसंच मी दवाखान्यात पासोनचं पोट चोळून बाळ वळवलं. जगलं. दोघंही जगली. हाताला फडकं गुंडाळून तिंदीवी आत आला. "पासोन, मी सभेत पुन्हा उभा राहीन. नवा पूल आणीन."

"आण की, दादा," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पलीकडे आता माझं कोण आहे?"

बाहेर पोरं जमली होती. केमननं दारावर थाप मारली. "काकू, काय झालं? मुलगा असेल तर आत्ताच निकाल लावू. उद्या बापाचा सूड घ्यायला आमच्यावरच धनुष्य ताणेल."

मी मुलाला घाईनं कपड्यात गुंडाळलं. तिंदीवीनं बाळाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"मुलगी!" तो ओरडला. आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून, दाराला पाठ लावून बसला.