गुलबाक्षीची वेळ

परवा सकाळी नऊला चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, तर आई कुंडीतल्या गुलबाक्षीला पाणी घालत होती. शेजारची जास्वंद केव्हाच फुललेली, आणि गुलबाक्षीच्या कळ्या मात्र गच्च मिटलेल्या.

"उठलात का, सूर्यवंशी?" आईने न वळताच विचारलं.

हा प्रश्न मी चाळीस वर्षं ऐकते आहे. आई पहाटे साडेचारला गजराशिवाय उठते आणि रात्री नऊला बसल्या जागी पेंगते. माझं डोकं चालू लागतं तेच मुळी दिवेलागणीनंतर. लहानपणी तिने माझं पांघरूण ओढलं, तोंडावर पाणीही मारलं. मी उठून बसायचे, पण जागी काही व्हायचे नाही. प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ जन्मतःच लावलेलं असतं, आणि त्याची किल्ली आईच्या हातात नसते. हे मला ठाऊक होतं, पण तिला पटेल असं सांगता कधी आलं नाही.

"आई, ही गुलबाक्षी आळशी आहे का गं?"

"आळशी कशाला? तिची वेळ झाली की फुलेल," आई म्हणाली आणि थबकली. झारी हातात तशीच धरून तिने आधी कळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी निवांतपणे चहाचा मोठा घोट घेतला. इतका गोड चहा उभ्या जन्मात प्यायले नव्हते.

संध्याकाळी पाचला गॅलरीतून हाक आली.

"अगं, ये लवकर! तुझी माणसं उठली बघ!"