मी बाकावरून उठलो नाही

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळक भाकर मोडतात, द्राक्षरसाचे छोटे पेले तबकात लावलेले असतात, आणि एकेक बाक उठून पुढे जातो. उठण्याआधी सगळे जरा वेळ गप्प बसतात. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर त्यानं आधी ते मिटवावं, मगच मेजाजवळ यावं, असं आहे. बहुतेक लोक तेवढ्या वेळात खोकून घेतात, पदर नीट करतात आणि जातात. मी जात नसे. आमचा बाक उठला की गुडघे आखडून शेजारच्यांना वाट द्यायचो आणि बसून राहायचो.

लोकांना वाटायचं, बायको गेल्यापासून म्हातारा देवावर रुसलाय. रुसायला देव काय माझा जावई आहे? देवाशी माझं काही बिनसलं नव्हतं. बिनसलं होतं ते तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या माणसाशी.

आमची मंडळी म्हणजे थोडकीच माणसं. बापजादे जालना, औरंगाबादकडून इकडे हैदराबादेत रेल्वेच्या आणि दवाखान्याच्या नोकऱ्यांना आले आणि इथलेच झाले. चर्च तेलुगूवाल्यांचं. सकाळी त्यांची उपासना होते, दुपारी ते आम्हाला मिळतं. पोरांना मराठी वाचता येत नाही, गीतं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत बघून गातात. मी चौथीत शाळा सोडली आणि पुढे सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामात काढली. वाचायला शिकलो ते पवित्र शास्त्रावरच, ओळीखाली बोट धरून. हळू वाचतो, पण वाचलेलं मग डोक्यातून जात नाही. त्यामुळे मला शास्त्र शिकवायला येणाऱ्याला माझ्याकडे जरा वेळ लागतो.

कापणीचा सण आमच्यात मोठा. शेती कुणाचीच राहिली नाही, तरी जो तो घरचं काहीतरी आणतो. कुणी अंडी, कुणी लोणच्याची बरणी, कुणी कुंडीतल्या मिरच्या. चर्चच्या आवारात मांडव पडतो आणि त्या सगळ्याचा हर्राज होतो. दोन मिरच्यांसाठी माणसं अशी बोली लावतात की जणू जमीनच घेतायत. माझ्या बायकोनं त्या वर्षी गच्चीवर भोपळ्याचा वेल चढवला होता. एक भोपळा असा धरला की ती येताजाता त्याच्यावर हात फिरवायची.

मांडवातलं पंख्यांचं आणि माइकचं वायरिंग त्यानं केलं होतं. तो म्हणजे तिसऱ्या बाकावरचा. आमच्यातलाच, धंद्यानं वायरमन, माझ्याहून थोडा लहान, मला दादा म्हणणारा. माझ्या घरचे पंखेही त्यानंच लावलेले. धूळ बसावी म्हणून आवारात पाणी मारलेलं होतं. बायको मांडवाच्या तोंडाशी चपला काढून, भोपळा कमरेवर घेऊन आत आली आणि तोल सावरायला तिनं लोखंडी खांबाला हात लावला. वायरचा एक जोड त्या खांबाला टेकला होता, आणि तो उघडा होता.

यावर मी जास्त लिहीत नाही. भोपळा फुटला नाही, एवढं सांगतो.

कबरस्तानात जो येईल तो म्हणत होता, देवाची इच्छा. वायरमनही म्हणाला, माझा हात हातात घेऊन. मी हात काढून घेतला. ओल्या जमिनीवर उघडी वायर सोडायची देवाला काय गरज पडली होती? पोलीस आले, अपघात लिहून गेले. मी कुणाचं नाव घेतलं नाही. मला वाटलं होतं, तो आपणहून येईल. एकटा येईल आणि म्हणेल, दादा, जोड माझा होता. तो आला, पण दरवेळी चार जण बरोबर घेऊन आला. चहा प्याला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि गेला.

पुढे उज्जीवन सभा भरली. बाहेरगावचा उपदेशक आला होता. त्यानं नरकाचं वर्णन असं केलं, जणू सकाळीच तिथून निघून हैदराबादची गाडी पकडली होती. आग, किडे, दात खाणं, सगळं. शेवटी म्हणाला, ज्याला पश्चात्ताप करायचाय त्यानं पुढे यावं. वायरमन पुढे गेला. माइक धरून रडला आणि म्हणाला, मी दारू प्यायचो, गुटखा खायचो, पत्ते खेळायचो, बायकोवर हात उगारायचो. माझी कळत-नकळत केलेली सगळी पापं आज प्रभूच्या रक्तानं धुतली गेली. हालेलूयाचा एकच गजर झाला. बायकांनी डोळे पुसले. मी सगळं कान देऊन ऐकलं. गुटखा आला, पत्ते आले, वायर काही आली नाही. मी काठी उचलली आणि चालता झालो.

पुढच्या प्रभुभोजनाला तो सगळ्यांच्या आधी मेजाजवळ होता. मी बाकावर बसून राहिलो. माझं वाकडं मिटलं नव्हतं, आणि मिटलं असं तोंडदेखलं सांगून मला भाकर खायची नव्हती.

घरात याचा सगळ्यात जास्त घोर सुनेला. ती तेलुगू, मला मामय्या म्हणते, सासूला अत्तम्मा म्हणायची. तिच्या माहेरच्या चर्चमध्ये कुणीतरी तिला सांगितलं होतं की प्रभुभोजन टाळणारा सरळ नरकात जातो.

"मामय्या, तुम्ही तिकडे गेले तर मी अत्तम्माला काय तोंड दाखवू? ती वर, तुम्ही खाली!"

"तिला सांग, भांडण मिटलं की येतो म्हणाले."

"अय्यो, जोक नक्को करू!"

तिनंच मग पाळकांना घरी धाडलं. आमचे पाळक तरुण आहेत, पुण्याकडचे. आठवडाभर कॉम्प्युटरची नोकरी करतात आणि रविवारी मोबाइलमध्ये बघून उपदेश देतात. माणूस मनानं चांगला. खुर्ची ओढून जवळ बसले.

"आजोबा, आपण क्षमा केली नाही तर आपल्यालाही क्षमा मिळत नाही. प्रभूचे शब्द आहेत."

"ठाऊक आहेत. पण द्यायची कुणाला? मागायला कुणी आलंच नाही. पोस्टात टाकू?"

"त्यांनी पश्चात्ताप केलाय. सगळ्यांसमोर."

"गुटख्याचा केलाय. गुटखा माझा नव्हता."

ते हसले, मग हसायला नको होतं असं वाटून सावरून बसले. म्हणाले, "मग तुम्हाला काय हवंय? त्यांना नरकात शिक्षा व्हावी असं वाटतं का?"

प्रश्न वाकडा नव्हता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. म्हटलं, "पाळकसाहेब, नरक आहे, आणि असायलाच पाहिजे. नसता तर माझ्या बायकोचा जीव गेला त्याचा हिशेब कुणीच विचारणार नाही, असं झालं असतं. पण मी त्याला तिथे धाडायला बघत नाही. तिथे तो जळला तर मला काय मिळणार? मला तो माझ्या दारात पाहिजे, एकटा."

त्यांनी प्रार्थना केली आणि गेले. पुढची काही वर्षं तशीच गेली. मग एका रविवारी घोषणा झाली. वायरमन कायमचा जालन्याला मुलाकडे राहायला चालला होता. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मंडळी त्याला शाल देऊन निरोप देणार होती.

मी घरी येऊन शास्त्र उघडलं. जो भाग मला हवा होता तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तरी ओळीखाली बोट धरून वाचला. भावानं तुझा अपराध केला तर तू जा, आणि तो आणि तू एकटे असताना त्याला त्याचा दोष दाखव, असा त्याचा अर्थ. तू जा, असं आहे. तो येईल, असं नाही. इतके दिवस मी दाराकडे बघत बसलो होतो. ज्याचा अपराध झाला त्यानंच चपला घालायच्या, हे मला मुळीच पटलं नाही. आजही पटत नाही. पण लिहिलंय तर लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारनाक्याहून बस धरून दिलसुखनगरला गेलो. कोचिंग क्लासच्या पोरांच्या गर्दीतून काठी पुढे करत त्याच्या गल्लीत शिरलो. दार उघडंच होतं. तो खोकी बांधत होता, वायरमनच्या काळ्या टेपनं.

"या, दादा, या! आज वाट चुकला की काय?"

"वाट बरोबर आहे. तू चाललास म्हणून आलो."

"हौ, पोरगा ऐकत नाही. गुडघे गेले ना माझे."

"गुडघे माझेही गेलेत. तरी आलो. तू एकदाही एकटा आला नाहीस."

त्यानं टेप दातानं तोडली. बायकोला म्हणाला, चहा टाक. ती आत गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, ते सगळं मी प्रभूपुढे ठेवलंय. त्यानं मला माफ केलंय."

"त्यानं केलं असेल. पण ती काही देवाची बायको नव्हती. माझी होती."

त्यानं टेप खाली ठेवली.

"काय सांगितलंस त्याला?" मी विचारलं. "तोंडानं बोल, मला ऐकायचंय."

"हेच... कळत-नकळत केलेली..."

"कळत का नकळत?"

आत कपबशा वाजत होत्या. तो त्या टेपकडे बघत बसला होता.

"कळत, दादा," तो म्हणाला. मग त्याच्यानं थांबवेना. "टेप संपली होती. रविवारचं गौलीगुड्यातलं दुकान बंद. दुधाच्या पिशवीची पट्टी फाडून गुंडाळली. म्हटलं, जेवणाच्या आधी कुणाला तरी पाठवून टेप आणवू आणि नीट करू. तेवढ्यात हर्राज सुरू झाला. कोंबडा आला. मोठा होता. मी बोलीत अडकलो."

"मिळाला?"

"काय?"

"कोंबडा."

"हौ."

"खाल्लास?"

"नाही, दादा!" तो एकदम ओरडल्यासारखा म्हणाला. "देवाशप्पथ नाही. मला कापवेना. अंगणात फिरायचा, पहाटे आरवला की मी उठून बसायचो. म्हातारा होऊन मेला तो."

काठी माझ्या हातात होती. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मला वाटायचं, हे ऐकलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. पण जड कपाट एकट्यानंच जिन्यावरून चढवत असताना खालून कुणीतरी दुसरं टोक धरावं, तसं वाटलं.

"आता तरी माफ करा," तो म्हणाला.

"घाई करू नकोस. गुटख्याचं जिथे सांगितलंस ना, तिथेच हे सांग. रविवारी. शाल घेशील तेव्हा."

"सगळ्यांसमोर? दादा, जाता जाता माझी इज्जत..."

"माझी बायकोही सगळ्यांसमोरच गेली."

चहा आला. मी प्यालो. त्याच्या बायकोचा काही गुन्हा नव्हता.

रविवारी चर्च भरलं होतं. तो सांगेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. न सांगता शाल घेऊन गेला असता तर मी काय केलं असतं, तेही ठाऊक नव्हतं. पाळकांनी त्याचे गुण सांगितले. या चर्चमधला दिवा न् दिवा यांच्या हातचा आहे, असं म्हणाले. शाल घातली, टाळ्या झाल्या, माइक त्याच्या हातात दिला. त्यानं शाल खांद्यावर सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मांडवातला तो जोड माझा होता," तो म्हणाला. "टेप नव्हती, म्हणून तसाच सोडला. मला माहीत होतं. दादांची बायको माझ्या हातानं गेली. देवाची इच्छा म्हणालो, ते खोटं म्हणालो."

कुणी हालेलूया म्हटलं नाही. पाळकांनी सवयीनं मोबाइलकडे बघितलं, पण त्यात यासाठी काही लिहिलेलं नसणार. सुनेनं माझं कोपर घट्ट धरलं. तो खाली येऊन आपल्या बाकावर बसला, आणि पाळकांना दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी प्रभुभोजनाला सुरुवात केली.

पहिला बाक उठला, दुसरा उठला. तिसरा उठला तेव्हा तो उठला नाही. गुडघे आखडून त्यानं शेजारच्यांना वाट दिली, शाल अंगावर तशीच. तसं बसणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक होतं, इतकी वर्षं मी तेच केलं होतं.

आमच्या बाकाची पाळी आली. सुनेनं सवयीनं माझे गुडघे ओलांडायला साडी सावरली. मी काठी टेकली आणि उठलो. ती "मामय्या?" एवढंच म्हणाली. तिसऱ्या बाकाशी आल्यावर मी थांबलो आणि काठीनं त्याच्या पायाला टोचलं.

"ऊठ."

"दादा, मी नाही... माझी लायकी नाही."

"लायकी असलेल्यांसाठी ते मांडलेलं नाही. ऊठ, मागे लोक खोळंबलेत."

तो उठला. गुडघे दोघांचेही गेलेले, त्यामुळे मेजाजवळ ते टेकताना आम्हाला एकमेकांचा आधार घ्यावा लागला. माझी एक काठी दोघांना पुरणारी नव्हती.

मी माफ केलं, असं त्याला त्या दिवशी म्हणालो नाही. अजूनही म्हणालेलो नाही. ते रोज थोडं थोडं करावं लागतं. एखाद्या दिवशी जमतं, एखाद्या दिवशी लोखंडी खांब दिसला की सगळं मुळापासून. सून म्हणते, आता तरी तुमचं वर जायचं पक्कं झालं. पाळक म्हणतात, आजोबा, नरकाबद्दलचं तुमचं मत बदललं का? नाही बदललं. नरक आहे. फक्त तिथे त्याच्यासाठी जागा धरून बसायचं काम मी सोडलं.

जालन्याहून त्याचा फोन येतो. कधी उचलतो, कधी नाही. उचलला की तो विचारतो, दादा, भोपळा लावला का? लावतो. तिच्याच भोपळ्याचं बी आहे, तो मी हर्राजाला दिला नव्हता. कापणीच्या सणाला नवा वेल देईल तेवढं घेऊन मी सगळ्यांच्या आधी जातो. पायात चपला असतात. मांडवाच्या तोंडाशी उभा राहून नव्या वायरमनला म्हणतो, जोड दाखव. एकेक दाखव. तो वैतागतो, म्हणतो, काय आजोबा, दर वर्षी तेच.

वैतागू दे. सगळे जोड बघून झाल्याशिवाय मी बटण दाबू देत नाही.