पुस्तकातली माणसं पुण्याला जातात

पलूसकडून येताना ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर ओणवा झालेला असतो. तो संपला की गाव लागतं, आणि गावात शिरताच सोसायटीची इमारत. खाली खताचं गोडाऊन, वर वाचनालय. त्यामुळे या गावातल्या पुस्तकांना युरियाचा वास येतो, मग ते पुस्तक प्रेमाचं असो की भक्तीचं. दर रविवारी, दुपारची भांडी घासून झाली की बाया त्या अरुंद जिन्यानं वर चढतात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपलांचा ढीग पडतो आणि आत वाचनकट्टा भरतो.

महिन्याला एक पुस्तक. वाचनालय सांभाळणारी शिवांजली मोठ्यानं वाचणार, बाकीच्या ऐकणार. निम्म्या जणींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, उरलेल्यांचे हात शेंगा फोडण्यात गुंतलेले, तेव्हा हेच सोयीचं. पुस्तक कोणतं घ्यायचं याची रीत ठरलेली आहे. दर महिन्याला एका बाईचा मान. तिनं कपाटातून पुस्तक काढायचं, त्याला हळदकुंकू लावायचं आणि शिवांजलीच्या हातात द्यायचं. एकदा दिलं की कुणी नाक मुरडायचं नाही आणि वाचन चालू असताना मधनं उठायचं नाही. क्रांतीवहिनीचा मान आला की खुनाचं पुस्तक ठरलेलं. एकीनं तर पाककृतींचं पुस्तक काढलं होतं. तेही महिनाभर वाचलं. "ऐकूनच वजन वाढलं गं बाई," असं क्रांतीवहिनी अजून म्हणते.

रंगूबाई खिडकीपाशी बसायची. तिचा मान आला की ती म्हणायची, "तुमीच ठरवा." असं ती कट्ट्यावर आल्यापासून म्हणत होती. आणि ती कट्ट्यावर आली ती वीरधवल गेल्यावर.

वीरधवल तिचा एकुलता एक. बाप मानसिंग फौजेत सुभेदार होऊन पेन्शनीत आला, त्याच वर्षी पोरगा भरती झाला. रंगूबाईचा सगळा जन्म असा रजेच्या हिशोबानं गेला. आधी नवऱ्याच्या, मग लेकाच्या. मधल्या काळात ऊस तिनं लावला, पाणी तिनं पाजलं, साखर कारखान्याच्या टोळीशी तिनंच भांडून तोड मिळवली. वीरधवल वरच्या चौकीवर होता तेव्हा बर्फाचा कडा कोसळला. पेटी आली. गावानं चौकात त्याच्या नावाची कमान उभी केली, तालुक्याहून मोठी माणसं आली. तो किती शूर होता हे सगळ्यांनी भाषणात सांगितलं. तो कसा गेला ते कुणीच सांगितलं नाही. पेटी उघडायची नाही, असं मानसिंगनं ठरवलं आणि ती उघडली गेली नाही.

त्यानंतर रंगूबाईचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. शिवांजलीनं एका रविवारी तिला हाताला धरून जिना चढवला. "काकी, नुसतं बसा. काय बोलू नका." ती बसली. दुसऱ्यांची सुखदुःखं कानावर पडत राहिली, आणि हळूहळू ती भाकरी थापू लागली, शेजारणीशी दोन शब्द बोलू लागली.

आता पुस्तकं म्हटली की त्यात माणसं मरणारच. पण या कट्ट्यावर कुणी मरत नव्हतं.

हे रंगूबाईच्या लक्षात आलं ते एका मास्तरामुळे. पुस्तकात एक म्हातारा मास्तर होता, दर रविवारी थोडा जास्त खोकायचा. महिना संपत आला आणि मास्तर दिसेचना.

"शिवांजली, मास्तराचं काय झालं गं?" तिनं विचारलं.

शिवांजली अडखळली. "मास्तर? ते... पुण्याला गेले काकी. लेकाकडं."

"लेक कुठला? त्यानं लगीन केलं नव्हतं न्हवं?"

"पुतण्या. पुतण्याकडं."

बाया शेंगांवर फारच मन लावून वाकल्या. रंगूबाईला आधी हसू आलं. घरी जाऊन ती भांडी घासायला बसली आणि तिचा हात थांबला. मागच्या पुस्तकातली ती अवघडलेली जाऊबाई? तीही पुण्याला. त्याच्या आधीचा नावाडी? तोही तिकडंच. एवढी माणसं पुण्यात करतात तरी काय?

पुढच्या रविवारी ती खिडकी सोडून शिवांजलीच्या मांडीला मांडी लावून बसली. चौथीपर्यंत शिकलेली, डोळेही अधू. अक्षरं तिला लागली नसती. पण पानं दिसत होती. मजकूर गंभीर व्हायला लागला की शिवांजलीचा अंगठा चार-पाच पानं एकदम उचलायचा. आवाज मात्र जरासुद्धा हलायचा नाही. रंगूबाई शेंगा फोडत राहिली.

मग सोनियाचा मान आला. सोनिया वडूजकडची, नवीन लग्न झालेली. तिचा नवरा इंद्रजित फौजेत, सध्या कुठंतरी वर. तिला या गावचं काही ठाऊक नव्हतं. तिनं कपाटातून एक पुस्तक काढलं. वर पांढराफेक डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांएवढी माणसं.

"हे घेऊया. बर्फातल्या जवानांचं हाय. यांची ड्युटी कशी असती ते तरी कळंल."

खोलीतला शेंगांचा आवाज बंद झाला. क्रांतीवहिनीनं सोनियाच्या दंडाला चिमटा काढला. शिवांजलीनं पटकन पुस्तक घेतलं. "हे फाटलंय. दुसरं बघ."

"कुठं फाटलंय?"

"फाटलंय म्हटलं न्हवं? दुसरं काढ."

कट्ट्याची रीत त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. सोनियानं डोळ्यांत पाणी आणून दुसरं पुस्तक काढलं. रंगूबाई तो पांढरा डोंगर कपाटाच्या तळाशी जाताना बघत राहिली.

पुढं तिचा मान आला. सगळ्या तिच्या 'तुमीच ठरवा'ची वाट बघत होत्या. क्रांतीवहिनीनं तर खुनाचं पुस्तक मांडीवर तयारच ठेवलं होतं. रंगूबाई उठली, कपाटापाशी उकिडवी बसली आणि तळातून ते पुस्तक ओढून काढलं. कुंकवाचं बोट त्या पांढऱ्या डोंगरावर टेकवलं.

"काकी," शिवांजली हळूच म्हणाली, "ते फाटलंय."

"मग डिंक लाव."

"रंगूवहिनी," क्रांतीवहिनी पुढं सरकली, "चांगलं हसण्याखेळण्याचं घ्या की. असलं कशाला ऐकायचं? लय जड असतं ते."

"मान कुणाचा हाय?"

"तुमचा."

"मग झालं." तिनं पुस्तक शिवांजलीच्या हातात दिलं, पण सोडलं नाही. दोघींचे हात त्या पुस्तकावर. "आन् पानं उडवायची न्हाईत. या पुस्तकातलं येकबी माणूस पुण्याला जाणार न्हाई."

शिवांजलीचा चेहरा उतरला. "काकी, माझ्या मनानं नाही केलं मी. सुभेदारनाना आले होते. म्हणाले, मोठ्या मुश्किलीनं जेवायला लागलीय, तिच्यासमोर मरणाचं काही वाचू नकोस."

रंगूबाईनं मान हलवली. आश्चर्य वाटल्यासारखं तिनं काही केलं नाही.

संध्याकाळी मानसिंग गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. ती दावणीपाशी जाऊन उभी राहिली.

"आवं, शिवांजलीला तुमी सांगितलं हुतं व्हय?"

त्याला काय ते लगेच कळलं. "व्हय. तुला तरास नको म्हणून."

"पेटी उघडली न्हाई, तीबी तरास नको म्हणूनच."

तो वैरण मोकळी करत राहिला.

"मी ते पुस्तक घेतलंय. बर्फाचं."

"कशाला? पुस्तकात सगळं खोटं असतंय. लिहिणारा कवा वर गेला हुता का?"

"तुमी गेला हुता की. मग तुमी सांगा." ती थांबली. "बर्फात गेला, एवढंच म्हणालात. बर्फ म्हंजी काय, मला काय ठावं? मला फ्रिजातला म्हाईत. तुमी भाईर गेलासा की मी वरचा कप्पा उघडती आन् त्यात हात घालून बसती. दुखाय लागलं की काढती. माझ्या लेकाचं काय काय दुखलं आसंल, त्याचा काय आदमास लागतोय का बघती."

मानसिंगनं पेंढी खाली ठेवली. तिच्याकडं बघितलं नाही. "मोटार चालू करून येतो," म्हणाला आणि गेला. शेतीची लाईट त्या वेळी नसायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वाचन सुरू झालं. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. पुस्तकातली पोरं भरती झाली, गाडीत बसली, चेष्टामस्करी करत डोंगर चढली. एकाला घरची चटणी आवडायची, एक झोपेत बडबडायचा. बाया हसल्याही. पण हसून झालं की सगळ्या रंगूबाईकडं बघायच्या. सोनिया आता तिच्याच शेजारी बसत होती. 'कुठवर आलं?' असं मानसिंगनं घरी एकदाही विचारलं नाही.

तिसऱ्या रविवारी शिवांजलीचा आवाज पहिल्यापासूनच बसलेला होता. कडा कोसळायचं प्रकरण आलं होतं. तिनं सुरुवात केली आणि जिन्यावर पावलं वाजली. जड पावलं. बायांची नव्हेत. वर येऊन ती थांबली. दाराच्या चौकटीतून रंगूबाईला पांढरी टोपी आणि अर्धा खांदा दिसला. मानसिंग शेवटच्या पायरीवर, चपलांच्या ढिगात टेकला होता.

शिवांजलीनं रंगूबाईकडं बघितलं.

"वाच," रंगूबाई म्हणाली.

ती वाचत गेली. आवाज न करता कडा सुटतो. तो झोपेत बडबडणारा पोरगा बर्फाखाली अडकतो. तोंडापुढची थोडी जागा तो हातानं उकरतो. वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्याला कळत नाही. सोनियाला हुंदका फुटला, ती उठू लागली. रंगूबाईनं तिचं मनगट धरलं.

"इंद्रजितचा फोन आला का?"

"सकाळीच आला हुता."

"मग बस. मधनं उठायचं नसतं."

शिवांजली पुढं वाचू लागली. "हळूहळू त्याची थंडी वाजायची थांबली. अंगभर ऊब पसरली. त्याला वाटलं, आपण चुलीपुढं बसलोय. त्याला झोप आली, आणि त्या झोपेतून तो..."

इथं तिचा आवाज अडकला.

"थांबू नगंस," रंगूबाई म्हणाली.

"आणि त्या झोपेतून तो उठला नाही."

क्रांतीवहिनीनं तोंडाला पदर लावला. रंगूबाईचे डोळे कोरडे होते. तिनं दाराकडं तोंड वळवलं. चारचौघींत नवऱ्याला अशी हाक तिनं जन्मात मारली नव्हती.

"आवं. हे खरं हाय?"

पांढरी टोपी हलली नाही.

"लिहिणारा वर गेला नव्हता, मानलं. तुमी गेला हुता. थंडी वाजायची थांबती?"

बाहेरून आवाज आला. "थांबती."

"ऊब वाटती?"

"वाटती. येड्यावानी. माणूस अंगावरचा कोट काढाय बघतोय." त्याचा आवाज घोगरा, तुटका. "आमी येकमेकाच्या थोबाडीत मारायचो. झोपू नगं म्हणून. दुखत न्हाई मग. कायबी दुखत न्हाई."

"कायबी?"

"न्हाई."

रंगूबाईनं सोनियाचं मनगट सोडलं. तिच्या बोटांचे वळ त्यावर उमटले होते.

"आन् आपल्या वीरधवलजवळ कोण हुतं?" तिनं विचारलं. "का येकटाच हुता?"

खालच्या गोडाऊनमध्ये कुणीतरी पोतं आपटलं. शिवांजलीनं पुस्तक मिटून मांडीवर धरलं होतं.

"दोघं हुती," मानसिंग म्हणाला. "त्यांचा साहेब मला म्हणाला. तिघं येकाच जागी गावली. येकमेकाला धरून. सोडवाय लय वेळ लागला म्हणाला."

"धरून हुती," रंगूबाई म्हणाली.

"व्हय."

"येकटा नव्हता."

"नव्हता."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, कुणी 'रडा काकी, मोकळं व्हा' म्हणालं नाही. सगळ्या नुसत्या बसून राहिल्या. मग तिनं तोंड पुसलं आणि दाराकडं बघून म्हणाली, "आत या. चपलांत कशाला बसलायसा?"

कट्ट्यावर गडीमाणूस कधी आला नव्हता. क्रांतीवहिनी न बोलता सरकली, तिनं शेंगांची टरफलं हातानं बाजूला लोटली. मानसिंग आत आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, भिंतीला पाठ लावली आणि खाली बघत बसला.

शिवांजलीला वाटलं, आता आपणच काहीतरी करायला हवं. तिनं पुस्तक उघडलं, पान शोधलं, घसा खाकरला.

"थांब पोरी," रंगूबाई म्हणाली. "यांचं अजून सांगून झालं न्हाई."