सात घरांचा रोट

साल दोन हजार चोवीस. श्रावण लागून पाच दिवस झाले होते, शुक्रवार, नागपंचमी. धुळ्यात देवपूरला आमच्या गल्लीतली बंद पडलेली पिठाची चक्की मी त्या दिवशी चालवायला घेतली. आणि शनिवारी दुपारपर्यंत एक ठरलेलं लग्न मोडायला आणलं. चहा घ्या, सांगतो. हसायचं असेल तर शेवटी हसा.

मी चौथी शिकलो. एकेचाळीस वर्षं ट्रक चालवला. आग्रा रोडचा एकही ढाबा असा नाही, जिथे माझी खाट ठरलेली नव्हती. मग डोळ्यांनी दगा दिला. लायसन पुढे वाढलं नाही, आणि मी घरी बसलो.

घरी बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही. पहाटे चारला जाग यायची. पायात चप्पल घालायचो आणि ओट्यावर उभा राहायचो. जायचं कुठे? छातीत धडधड व्हायची. डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत आहे. मग धडधडतं काय?

पुण्याहून पोराचा फोन.

"नाना, घाई करू नका. नक्की काय करायचंय ते आधी ठरवा."

"ठरवून कळतं का?"

"निदान दोन-तीन महिने विचार करा."

एकेचाळीस वर्षांत मी विचार करून गिअर टाकला नाही. गाडी निघाली की पुढचं पुढे दिसतं. चक्कीवाला म्हातारा मुलाकडे एरंडोलला चालला होता. मी चावी मागितली, त्याने दिली. पाच मिनिटांत व्यवहार. दळणातलं मला काय येत होतं? काही नाही! बटण कुठे आहे ते विचारून घेतलं. नागपंचमीला चिरणं-दळणं बंद, म्हणून चालवूनही पाहता आली नाही.

शनिवारी सकाळी आठला शटर वर केलं, तर दारात बायकाच बायका! मी मनात म्हटलं, बघ, पहिल्याच दिवशी गर्दी. पोराला फोन करावा असंही वाटलं. केला नाही, तेवढं बरं झालं.

एकेकीचा डबा उघडून पाहतो, तर आत किलो-दीड किलो गहू.

"एवढंच?"

"रोटाचं आहे हो नाना. नीट दळा," लोटन आबाची सून म्हणाली.

"नीटच दळणार. चाळीस वर्षांत माझा माल कधी ओला पोचला नाही."

बायकांना घरं सारवायची, पुसायची होती. रविवारी कानबाई बसणार. डबे ठेवून त्या गेल्या.

आता तुम्ही बाहेरगावचे असाल, तर एवढं सांगतो. कानबाई आमच्या खानदेशाची देवी. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तो दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. रोट आपल्या भाऊबंदांनीच खायचा, परक्याला घासभरही द्यायचा नाही. एवढं मलाही ठाऊक होतं. पण मी दरसाल त्या दिवशी रस्त्यावर. घरी असलोच, तर रोट पाहिला तो ताटात वाढलेला. तो पिठापासून आपापला असतो, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

डबे सात. सगळ्यांत गहूच. चक्की रिकामी फिरली तर दगडावर दगड घासतो, असं म्हातारा सांगून गेला होता. मग एकेक किलोसाठी सात वेळा कोण थांबवेल? ट्रान्सपोर्टमध्ये सात पार्ट्यांचा थोडाथोडा माल आला, तर सात ट्रक काढतात का? एकाच गाडीत भरतात, वजनाने उतरवून देतात.

मी तेच केलं. प्रत्येक डब्याचं वजन पाटीवर लिहिलं. सगळे गहू एकत्र ओतले. नऊ किलो दोनशे. सुरेख पीठ आलं! सातही डब्यांत तोलून भरलं, ग्रॅमचा फरक नाही. बायका आल्या, घेऊन गेल्या. मी पंख्याखाली बसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा छाती शांत होती.

तेवढ्यात आमची बायको आपला डबा घेऊन आली.

"अहो, दगड धुऊन झाला का? मग आपलं टाका."

"धुवायचा कशाला?"

"प्रत्येक घराच्या रोटाआधी दगड धुतात, पुसतात. तुम्ही नाही धुतला?"

"एकदाच दळलं, तर कितीदा धुऊ?"

"एकदाच म्हणजे?"

मी पाटी दाखवली. मोठ्या अभिमानाने दाखवली, हेही सांगतो. तिने पाटी वाचली आणि मटकन पोत्यावर बसली.

"अहो, लोटन आबाचं आणि झुलाल भाऊचं पीठ एक केलंत?"

"सगळ्यांचंच केलं."

"आबाची नात झुलाल भाऊच्या घरात द्यायची आहे! कार्तिकात लग्न. एका रोटाचं खाल्लं की ते भाऊबंद झाले. बहीण-भावाचं लग्न लावणार का?"

छाती पुन्हा सुरू झाली. या वेळी कारण माहीत होतं.

"जा, खरं सांगा आणि पीठ परत आणा," ती म्हणाली.

खरं सांगा! मी आजवर ट्रॅफिक हवालदाराला चूक कबूल केली नाही. वाटेत मी उपाय काढला. पहिल्या घरी म्हटलं, "पिठात खडा गेलाय, डबा द्या." दिला. दुसऱ्या घरीही दिला. तिसऱ्या घरी बाईच म्हणाली, "नाना, पिठात काच निघाली म्हणे?" चौथ्या घरी पोचेपर्यंत पिठात मोटारीचं ऑईल गळालं होतं. पाचव्या घरी तर बाईने मला बघून पदर नाकाला लावला.

"उंदीर ना? शेपटीसकट?"

"खडा!" मी ओरडलो.

"असू द्या, असू द्या. घेऊन जा."

सहावा झुलाल भाऊ. दारातच उभा, हातात डबा, अंगाला लागू नये असा लांब धरलेला.

"नाना, चक्की पहिल्या दिवशीच बंद करायची होती, तर घेतली कशाला?"

 तोच प्रश्न मी दोन घरांपासून स्वतःला विचारत होतो. पोरगा बरोबर होता. विचार करायला हवा होता. आता या वयात गल्लीत तोंड कसं दाखवायचं?  पण सातवं घर लोटन आबाचं, नवरीचं. तिथे थांबून चालणार नव्हतं.

मी आत शिरलो तेव्हा पीठ परातीत पडलं होतं. नवरीची आजी, यमुना अक्का, ऐंशीच्या पुढची. हातात पाण्याचा तांब्या, धार सुटायच्या बेतात.

"अक्का, थांब!"

"काय व्हयनं?"

"खडा."

तिने पिठात हात घातला. मूठभर घेतलं, बोटांतून सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं.

"खडा नही शे. नाना, मना तोंडकडे देख. काय करं तू?"

आता काय सांगणार? सांगितलं. सात डबे, एक गाडी, वजनाने माल.  दारामागे ती नवरी पोर उभी होती. तिचा चेहरा पीठ झाला होता. तो मला अजून दिसतो.

"बठ्ठं एक करी टाकं?"

"हो, सगळं."

"कोन्ही खादं का?"

"नाही. तुझंच पहिलं होतं."

अक्काने तांब्या खाली ठेवला. "मग पोरना लगनले काय व्हत नही. रड नको वं. नवा गहू मोजा. आनि तू, नाना, दगड धुव्हाले लाग."

मग मी उलट्या दिशेने बाकीच्या सहाही घरी गेलो आणि खरं सांगितलं. पहिल्या घरी तोंड उघडायला दोन मिनिटं लागली. शेवटच्या घरापर्यंत नुसतं "माझी चूक" एवढं पटकन निघायला लागलं. पाचव्या घरची बाई मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, उंदीर असता तर बरं झालं असतं.

बायको म्हणाली, "चावी परत देऊन टाका."

"देईन. आधी ही सात दळणं दिली पाहिजेत."

दगड उचलायचा, झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, वाळू द्यायचा, बसवायचा. सात वेळा! तिसऱ्यांदा बोट चेंगरलं. पाचव्यांदा आवाजावरून कळायला लागलं, दगड घट्ट आहे की सैल. दिवेलागणीला सातवा डबा झुलालच्या घरी पोचला. शेवटी आमच्या घरचं दळलं. चावी परत द्यायचं त्या संध्याकाळी राहिलं, ते अजून राहिलंच आहे. कार्तिकात लग्न झालं, त्याचे गहूही मीच दळले.

पण पहिलं नऊ किलो दोनशे पीठ? ते चक्कीतच पडून होतं. मी म्हटलं, गायीला घालू. यमुना अक्का काठी आपटत आली.

"रोटनं पीठ टाकता येस नही. पुनवना आत खाई सरावनं पडस."

"पौर्णिमेच्या आत संपवायचं? कोण खाणार? सात घरांचं मिसळलंय."

"जो साती घरना शे, तो. एक करनारा कोन? तूच ना? मग खाय."

बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "भरला तुम्ही, उतरवा तुम्ही."

पौर्णिमा दहाव्या दिवशी. म्हणजे रोज किलोभर! पहिल्या दिवशी तूप लावून पोळ्या खाल्ल्या, चव लागली. तिसऱ्या दिवशी शिरा. पाचव्या दिवशी चक्कीत बसून डाळीत बुडवून खाताना गिऱ्हाईक विचारी, "काय नाना, किती उरलं?" सातव्या दिवशी धोतराची गाठ सोडून बसलो. अक्का रोज येऊन डबा हलवून पाही.

पौर्णिमेला सकाळी डबा उलटा करून परातीत आपटला. दोन पोळ्यांचं निघालं. खाल्ल्या.

अक्का आली. रिकाम्या डब्यात आतून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, पदराला पुसलं आणि घरी गेली.